गाइड नंबर अकरा

विमानात प्रेशर कुकर नेता येतो का? या एका प्रश्नाचं उत्तर मी इतक्या वेळा दिलंय की माझ्या मयताला आलेला माणूसही तेच विचारेल अशी मला भीती वाटते. कुकर नेता येतो. शिट्टी वेगळी ठेवा. झालं.

संपादक फोनवर म्हणाले, "मावशी, गमतीजमती लिहा. दिवाळी अंक आहे." गमती आहेत, नाही असं नाही. सुरुवातीला सांगतेही. पण मला ज्याबद्दल लिहायचंय ती गंमत नाही, आणि ते लिहू देणार असाल तरच लिहिते असं मी त्यांना बजावलंय.

नोकरी म्हणाल तर मी साउथहॅम्प्टनला एका हॉस्पिटलच्या आयटी हेल्पडेस्कवर होते. हृदय उघडून परत शिवणारे डॉक्टर सुट्टीवरून आले की पासवर्ड विसरलेले असत. तेच तेच प्रश्न. म्हणून आम्ही एकदाच उत्तर नीट लिहून ठेवायचो आणि प्रत्येकाला तेच पाठवायचो. ते लिहायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांना कंटाळा होता आणि मला खोड होती. रिटायर झाल्यावर ही खोड घेऊन मी यूकेतल्या मराठी लोकांच्या ऑनलाइन मदत-ग्रुपवर गेले. तिथे तर काय, प्रश्नांचा पाऊसच. नवीन आलेली मुलं, त्यांच्या बायका, त्यांचे पाहुणे आलेले आईबाप. जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर ना, त्याच्याकडे नाव कसं घालू? कौन्सिल टॅक्स म्हणजे काय, मी तर कौन्सिलमध्ये नोकरीला नाही? बॉयलर गुरगुरतोय, घर सोडू का?

मी गाइडं लिहायला घेतली. एक, दोन करत तेवीस झाली. ती ग्रुपच्या डोक्यावर टाचून ठेवलेली असत. कुणी विचारलं की मी लिहायची, "वर बघा, गाइड चार." लोक मला गाइडमावशी म्हणायला लागले. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. नवरा गेल्यानंतर ज्या घरात दिवसभर कुणी हाक मारत नाही तिथे फोन उघडला की शंभर जणं मावशी मावशी करतात, हे काही थोडंथोडकं नव्हतं.

हे काम कसं करतात ते सांगते, कारण बाहेरून ते फार सोपं दिसतं. आधी एकाच विषयावरचे तीस-चाळीस प्रश्न गोळा करायचे. मग त्यातली माणसं काढायची. "माझी सासू गुडघ्यांनी अधू आहे आणि मी लेस्टरला राहते आणि नवरा ऐकत नाही" यातलं लेस्टर, गुडघे आणि नवरा काढला की खाली जो उरतो तो प्रश्न. त्याचं उत्तर लिहायचं. एका ओळीत एकच काम. "शक्यतो", "साधारणपणे", "बहुधा" हे शब्द खोडायचे, कारण घाबरलेला माणूस "बहुधा" वाचला की परत प्रश्न विचारतो. आणि सगळ्यात वर तारीख घालायची. "शेवटची तपासणी : अमुक तारीख." ती तारीख जुनी दिसली की लोक गाइडावर विश्वास ठेवत नाहीत, कितीही चांगलं लिहिलेलं असो.

आणि उदाहरण देताना जपायचं. हे मला एका गृहस्थांनी शिकवलं. जीपीच्या फॉर्मच्या गाइडात मी नमुना म्हणून "नाव : सदाशिव" असं लिहिलं होतं. रीडिंगच्या या गृहस्थांनी अगदी गाइडाबरहुकूम फॉर्म भरला. त्यांचं नाव प्रफुल्ल. सहा महिने दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट त्यांना मिस्टर सदाशिव म्हणून हाक मारत होती आणि ते उठून जात होते! मी कपाळाला हात लावला. "अहो, तुमचं नाव लिहायचं होतं ना?" तर म्हणाले, "मावशी, मला वाटलं इथे तसंच लिहायचं असतं."

दुसरी एक बाई होती पिनरची. प्रत्येक गाइड वाचायची, खाली लिहायची, "वाचलं. पण मावशी, तुम्ही सांगा ना." मी वैतागायची. अगं बाई, तेच सांगितलंय की! पालथ्या घड्यावर पाणी. एकदा चिडून मी तिला गाइडातलाच मजकूर जसाच्या तसा कॉपी करून मेसेजमध्ये पाठवला. तिचं लगेच उत्तर, "आता कळलं. थँक्यू मावशी." तेव्हा मी हसले होते. ती काय मागत होती हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

आता तारखेचं सांगते.

पहिली दोन वर्षं मी दर महिन्याच्या एक तारखेला एकेक गाइड खरोखर तपासायची. फोन लावायचे, वेबसाइटी उघडायच्या, "तुमचं ऑफिस तिथेच आहे ना" म्हणून विचारायचं. त्यात आख्खे दोन दिवस जात. बदल क्वचित सापडे. तिसऱ्या वर्षी मी अर्धी गाइडं तपासू लागले. मग थोडी. मग एक दिवस माझी कंबर धरली होती, तेव्हा नुसत्या तारखाच बदलल्या, म्हटलं पुढच्या महिन्यात बघू. काही झालं नाही. कुणाला कळलंही नाही. पुढच्या महिन्यात चहाचा कप घेऊन बसले आणि तेवीस ठिकाणी नवी तारीख घातली. कप संपायच्या आत काम झालं. मग तीच पद्धत पडली. वर्षभर, नाही, वर्षाच्या वर मी हेच करत होते. लोक लिहायचे, "मावशी, किती अपडेटेड असता हो तुम्ही!" मी हात जोडल्याचं चित्र पाठवायची.

गाइड नंबर अकरा हे ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या पण भारतात केव्हाही जायला लागणारं ओसीआय कार्ड अजून न काढलेल्या लोकांसाठी होतं. अशांना भारतात जायला व्हिसा लागतो. घरी कुणी गंभीर असलं, गेलं, तर त्याच दिवशी व्हिसा कसा मिळवायचा ते त्यात होतं. लोकांनी हे गाइड कमी वाचलं, पण ज्यांनी वाचलं ते कोणत्या मनःस्थितीत वाचत असतील ते सांगायला नको. मी ते फार मन लावून लिहिलं होतं. अर्ज भरा. दोन प्रती छापा. दोन फोटो. डॉक्टरचं पत्र नाहीतर मृत्यूचा दाखला, फोनवर आलेला चालेल. जवळच्या, म्हणजे लंडनच्या नाहीतर मिडलंड्सच्या, व्हिसा सेंटरवर सकाळी नऊच्या आत जा. वेळ घ्यावी लागत नाही. दुपारपर्यंत हातात मिळतो. एकही "बहुधा" नव्हता त्यात.

तो शुक्रवार होता. मी सकाळी बसमध्ये होते, कंबरेसाठी फिजिओकडे निघाले होते. फोन वाजला म्हणून बघितलं. ग्रुपवर मेघना नावाच्या बाईचा प्रश्न. "गाइड अकरामधलं मिडलंड्सचं सेंटर अजून चालू आहे का? अलीकडे कुणी गेलंय का? अर्जंट."

एवढंच. ना नमस्कार, ना मावशी. मला राग आला. रोज दहा जण अर्जंट म्हणतात, कुकरवालेसुद्धा. मी लिहिलं, "वर बघा. तारीख दिलेली असते ती वाचत चला. याच महिन्यात तपासलंय." आणि त्या पोस्टच्या कमेंट्स बंद केल्या. उत्तर मिळालेल्या प्रश्नाखाली लोक उगाच गप्पा मारत बसतात, म्हणून तो आमचा नियमच होता. मीच केलेला. फिजिओचा स्टॉप आला आणि मी उतरले.

दोन आठवड्यांनी त्याच मेघनाची पोस्ट आली. "गाइड अकरामध्ये दुरुस्ती हवी आहे. तिथली तातडीची खिडकी बंद झाली आहे. आता आधी फोन करून लंडनला जावं लागतं आणि अर्ज बारापर्यंतच घेतात. कृपया बदल करावा, म्हणजे दुसऱ्या कुणाची अडचण होणार नाही."

दुरुस्ती सुचवणाऱ्यांसाठी माझा एक तयार मजकूर होता. तो मी चिकटवला. "मनःपूर्वक धन्यवाद! तुमच्यासारख्या सभासदांमुळेच आपली गाइडं जिवंत राहतात." खाली फुलं. गाइडात बदल केला, तारीख घातली. पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी मंदारचा फोन आला. मंदार आमच्या ग्रुपचा दुसरा ॲडमिन, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. एरवी तो मेसेज करतो, फोन नाही.

"मावशी, ती मेघनाची पोस्ट आहे ना, तिच्या खालचा तुमचा रिप्लाय डिलीट करा प्लीज."

"का रे? काय झालं?"

"तिचा नवरा माझ्याबरोबर काम करायचा. तिची आई गेली, मावशी. त्या शुक्रवारी. तिला वेळेत जाताच आलं नाही."

मंदार सांगत होता आणि मी ऐकत होते.

मेघना डर्बीला राहते, फार्मसिस्ट आहे. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन वर्ष झालं होतं, कार्डाचे कागद भरू भरू म्हणत राहून गेले होते. त्या सकाळी साडेसहाला कराडहून भावाचा फोन आला, आई गेली म्हणून. तिकडे दुपार व्हायची होती. नातेवाईक म्हणत होते, संध्याकाळीच नेऊ. आपल्याकडे ठेवत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. भाऊ म्हणाला, "ताई, तू येतेस का ते नक्की सांग. येत असशील तर बाबा म्हणतायत उद्या संध्याकाळपर्यंत थांबू. पण नक्की सांग." तिने गाइड अकरा उघडलं. दुपारपर्यंत व्हिसा, संध्याकाळचं विमान, सकाळी मुंबई, दुपारनंतर कराड. ती म्हणाली, "येते. थांबा."

नवरा, राहुल, गाडी चालवत होता आणि तिने गाडीतून ग्रुपवर विचारलं. मी उत्तर दिलं. नऊला ते सेंटरवर पोचले. दारातला गार्ड म्हणाला, इथे आता नाही होत, लंडनला फोन करा. लंडनचा फोन लागेना. तसेच निघाले, मोटरवेवर अडकले, एक वाजून गेल्यावर पोचले. खिडकी बाराला बंद झाली होती. सोमवारी या.

डर्बीहून सकाळी सरळ लंडनला निघाले असते तर अकराच्या आत पोचले असते.

"मावशी, डोन्ट टेक इट पर्सनली," मंदार म्हणाला. "आपला डिस्क्लेमर आहे ना खाली. माहिती स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी म्हणून."

"डिस्क्लेमर घाल चुलीत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी मागे जाऊन माझं ते शुक्रवारचं उत्तर शोधून काढलं. "तारीख दिलेली असते ती वाचत चला." वाचत चला! शाळेतल्या मास्तरणीसारखं. मला माझीच शिसारी आली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, तेही आलं नाही.

पुढच्या रविवारी मी ट्रेनने डर्बीला गेले. आधी मेसेज करून विचारलं, येऊ का. ती "या" म्हणाली. मी रव्याचे लाडू घेतले, मग वाटलं सुतकात लाडू काय नेतेस, मग वाटलं सुतक संपलं असेल, मग ते घरीच ठेवले. बर्मिंगहॅमला गाडी बदलताना परत फिरावंसं वाटलं.

मेघना चाळिशीची, बारीक, हसरा चेहरा असावा असा चेहरा. तिने चहा केला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मावशी, तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात? तुमची काय चूक त्यात? खिडकी त्यांनी बंद केली."

तिथे गप्प बसले असते तर सुटले असते. ती मला सोडायला तयार होती. चहा प्यायचा, तिच्या आईबद्दल चार शब्द विचारायचे आणि परत यायचं. पण मग मी तिथे गेले कशाला होते?

मी म्हटलं, "मेघना, मी ते तपासलं नव्हतं. तारीख नुसती बदलायचे मी. वर्षभर नुसती तारीखच बदलत होते."

ती कप हातात धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग 'माहीत नाही' म्हणायचं होतं ना, मावशी."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला सोसलं असतं.

"मी गाडीतून फोन केला असता ना सेंटरला," ती म्हणाली. "मी करणारच होते. राहुल म्हणालाही, एकदा फोन करून बघू. मी म्हटलं नको, मावशींनी याच महिन्यात तपासलंय. आणि भावाला परत फोन करून सांगितलं, नक्की येतेय म्हणून."

मग तिने मी न विचारता बाकीचं सांगितलं. तिचे वडील एकटे ठाम राहिले होते. घरात माणसं दाटलेली, उन्हाळा, सगळे म्हणत होते न्यायला हवं, आणि ते बर्फाच्या पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. "माझी मुलगी येतेय. तिने सांगितलंय." जो येईल त्याला हेच सांगत होते. तिने लंडनहून फोन केला तेव्हा भावाला ते वडिलांना सांगायचं धैर्य झालं नाही. रात्रभर ते तसेच बसून राहिले. सकाळी सांगितलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग मला आधी का नाही सांगितलंत? मी हिला उगाच ताटकळत ठेवलं."

"त्यानंतर बाबा माझ्याशी नीट बोलत नाहीत," मेघना म्हणाली. "मी मंगळवारी पोचले. जेवलीस का विचारतात, बाकी काही नाही. त्यांना वाटतं मी येणारच नव्हते, उगाच आशा लावली."

"मी त्यांच्याशी बोलू का? मी सांगते, चूक माझी होती म्हणून."

"काय सांगणार? गाइड वगैरे त्यांना काय कळणार, मावशी?"

खरं होतं. मी तेवीस गाइडं लिहिली, सगळ्या यूकेला शहाणं करायला निघाले, आणि कराडमधल्या एका म्हाताऱ्या माणसाला समजेल असं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. ती मला स्टेशनपर्यंत सोडायला आली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. गाडी सुटताना तिने हात हलवला, सवयीने.

घरी येऊन मी सगळी गाइडं उतरवली. मंदारने खूप आरडाओरडा केला. "मावशी, लोक काय करणार आता?" फोन करतील, म्हटलं. ग्रुपवर मी कबुलीची पोस्ट लिहिली, तारखांचं सगळं खरं खरं लिहिलं. खाली शेकडो उत्तरं आली. "तुम्ही किती प्रामाणिक, मावशी." "असं मनाला लावून घेऊ नका." "तुम्ही होतात म्हणून आमचं इथे निभावलं." एकानेही शिव्या घातल्या नाहीत. आणि त्याच पोस्टखाली एकाने विचारलं होतं, कुकरची शिट्टी हँडबॅगेत चालेल का.

आता मी ग्रुपवर फारशी नसते. कुणी थेट विचारलंच तर "मला माहीत नाही, फोन करून विचारा" असं लिहिते. लोकांना ते आवडत नाही. पिनरच्या त्या बाईने तर "मावशी, रागावलात का?" म्हणून विचारलं. मेघनाला मी गेल्या दिवाळीला मेसेज केला होता. तिचं उत्तर आलं, "तुम्हालाही." तिच्या वडिलांचं मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

पण लिहिलेलं परत घेता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी गाइडं उतरवली, तरी लोकांनी त्यांचे फोटो काढून ठेवले होते. ते व्हॉट्सॲपवर फिरतात. कुणाकुणाच्या सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या मराठी मंडळींत. दर थोड्या दिवसांनी कुठून तरी माझंच गाइड मला येतं, "उपयोगी पडेल" म्हणून. मी प्रत्येक वेळी लिहिते, हे जुनं आहे, वापरू नका, पुढे पाठवू नका. पाठवणारा अंगठा दाखवतो. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

हा लेख लिहायला बसले त्याच आठवड्यात माझ्या भाचीने स्विंडनहून एक पाठवलं. तिच्या मैत्रिणीचे वडील नागपूरला अतिदक्षता विभागात होते. "मावशी, हे बरोबर आहे ना गं? ती आत्ताच निघतेय." गाइड अकरा. दुरुस्तीच्याही आधीचं, मिडलंड्सच्या सेंटरचं. शब्द न् शब्द माझा, खाली "गाइडमावशी" असं नावही होतं. मी भाचीला फोन लावला. लागला. मैत्रीण दारातून परत फिरली आणि तिने लंडनला फोन केला.

फोन ठेवल्यावर मी ते चित्र पुन्हा मोठं करून बघितलं. वर लिहिलं होतं, "शेवटची तपासणी", आणि पुढे तारीख होती. याच महिन्याची. ती मी घातलेली नव्हती.